गिटारच्या माथ्यावरचे नाव

इलेक्ट्रिक गिटारच्या दांडीच्या टोकाला, जिथे तारा ताणायच्या खुंट्या बसवलेल्या असतात, तो चपटा भाग म्हणजे हेडस्टॉक. कंपनीचे नाव तिथेच झळकते. फेंडर घाटाच्या गिटारींवर हे नाव सहसा कोरलेले नसते आणि ब्रशने रंगवलेलेही नसते. ते पाण्याने सरकवून बसवलेले असते. त्याला डिकॅल म्हणतात. गिटारचा जुना रंग उतरवून नवा चढवायचा झाला की सगळ्यात नाजूक काम या दोन-तीन इंचांच्या पट्टीचे असते, आणि बिघडते तेही बहुतेक वेळा तिथेच.

पाण्याच्या डिकॅलमध्ये खालून वर चार थर असतात. सर्वांत खाली जाडसर, पाणी शोषणारा कागद. त्यावर डेक्स्ट्रिनचा डिंक. डिंकावर पारदर्शक लॅकरचा पापुद्रा. आणि पापुद्र्यावर शाईने छापलेले अक्षर किंवा चित्र. डेक्स्ट्रिन हा स्टार्चपासून बनवलेला, पाण्यात विरघळणारा डिंक. कागद पाण्यात बुडवला की ओल मागून आत शिरते, डिंक सुटतो आणि पापुद्रा कागदावरून सरकतो. तो गिटारवर घेतला की तोच डिंक वाळताना त्याला धरून ठेवतो. बबलगमच्या पुडीतून मिळणारा टॅटूही पाण्यानेच उतरतो, पण तो पालथा लावायचा असतो, म्हणून त्यावरची छपाई उलटी असते. गिटारचा डिकॅल सुलटा सरकतो, म्हणून तो सुलटाच छापतात. मोटारसायकलवर लावतात ते रेडियमचे स्टिकर ही तिसरीच जात. त्याचे व्हिनाइल जाड असते आणि गोंद कायम चिकट राहतो. त्यावर लॅकर चढवले तरी कडेचा उंचवटा बोटाला लागत राहतो. डिकॅलचा पापुद्रा त्याच्या मानाने फारच पातळ असल्यामुळे लॅकरखाली पुरता बुजवता येतो.

ही युक्ती गिटारपेक्षा पुष्कळ जुनी आहे. छापलेले चित्र कागदावरून दुसऱ्या पृष्ठभागावर उतरवण्याची कला अठराव्या शतकाच्या मध्यापासून युरोपात रुळली आणि चिनी मातीच्या भांड्यांवर तिचा भरपूर वापर झाला. कपबशीवरची फुले आजही बहुधा अशाच कागदावरून येतात. फरक इतकाच की भट्टीत पापुद्रा जळून जातो आणि रंग झिलईत मुरतो. महाराष्ट्रातल्या घरांत डिकॅलचा सर्वांत जुना नमुना पाहायचा असेल तर आजीचे सिंगर शिलाई मशीन पाहावे. काळ्या ओतीव लोखंडावरची ती सोनेरी वेलबुट्टी, काही मॉडेलांवरचे इजिप्शियन स्फिंक्स, हे सगळे डिकॅल आहेत. त्यांच्यावर लाखेच्या वॉर्निशचा थर दिलेला असे. म्हणून जुने सिंगर स्पिरिटने पुसू नये. लाख स्पिरिटमध्ये विरघळते आणि तिच्याबरोबर सोनेही फडक्यावर येते. गिटारचे डिकॅल दुरुस्त करणाऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट हीच: वरचा थर कशात विरघळतो हे आधी माहीत हवे.

डिकॅलच्या इतिहासातला सर्वांत गमतीदार किस्सा १९५१ चा आहे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी लिओ फेंडर यांच्या कारखान्यात दोन पिकअप असलेली भरीव लाकडाची गिटार ‘ब्रॉडकास्टर’ या नावाने निघू लागली होती. ग्रेच या कंपनीचे याच उच्चाराचे ड्रम आधीपासून बाजारात होते. १९५१ च्या सुरुवातीला ग्रेचने हरकत घेतली. फेंडरपाशी छापून आलेल्या डिकॅलचा साठा होता. तो टाकून देणे परवडणारे नव्हते. कामगारांनी कात्री घेतली, ‘फेंडर’ तेवढे ठेवले, पुढचे मॉडेलचे नाव कापून टाकले आणि गिटारी पाठवणे चालू ठेवले. त्याच वर्षी पुढे ‘टेलिकास्टर’ हे नाव आले. मधल्या काही महिन्यांतल्या बिननावाच्या गिटारींना संग्राहक ‘नोकास्टर’ म्हणतात आणि त्यांना मोठी किंमत मोजतात. कात्रीने वाढवलेली किंमत म्हणायला हरकत नाही.

फेंडरचे जुने डिकॅल लॅकरच्या वर लावलेले असत, त्यांच्यावर दुसरे आवरण नसे. हाताचा घाम, पुसण्याचे फडके आणि तारा बदलताना होणारी घासाघीस यांनी ते झिजत गेले. पन्नासच्या दशकातल्या कित्येक मूळ गिटारींवर ती बारीक सोनेरी अक्षरे आज अर्धीमुर्धीच उरली आहेत. १९६५ च्या जानेवारीत सीबीएस या कंपनीने फेंडर विकत घेतली. दशकाच्या अखेरीस बॉडीवर जाड पॉलिएस्टरचा थर देण्याची पद्धत तिथे आली, पण हेडस्टॉकचा दर्शनी भाग मात्र नायट्रोसेल्युलोज लॅकरचाच राहिला, कारण पॉलिएस्टर डिकॅलशी जमवून घेत नसे. म्हणून सत्तरच्या दशकातल्या पुष्कळ फेंडर गिटारींचा माथा पिवळा पडलेला दिसतो आणि दांडीचा बाकी भाग फिकट राहतो. नायट्रो उन्हाने आणि वयाने पिवळे पडते, पॉलिएस्टर फारसे पडत नाही. दोन रसायनांतला हा बेबनाव घरच्या कामातही आडवा येतो.

भारतीय कारागिराला नायट्रोसेल्युलोज नवे नाही. ड्यू पाँट कंपनीने १९२३ मध्ये ‘ड्युको’ नावाचे झटपट वाळणारे लॅकर मोटारींसाठी आणले. फेंडरने पुढे खास रंगांच्या गिटारींसाठी याच कंपनीचे मोटारींचे रंग वापरले. भारतात ‘ड्युको’ हे नाव इतके मुरले की गनने मारलेल्या चकचकीत रंगाला सुतार आजही ड्युकोच म्हणतात, डबा कोणत्याही कंपनीचा असो. हार्डवेअरच्या दुकानात ‘एनसी क्लिअर लॅकर’, ‘एनसी सँडिंग सीलर’ आणि ‘एनसी थिनर’ म्हणून जे मिळते ते याच घराण्यातले. वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीरसारख्या तालुक्याच्या गावी गिटारचा कारागीर सापडणे अवघड; पण त्याला लागणारी कौशल्ये अशा गावात सुटी सुटी विखुरलेली असतात. गॅरेजमधल्या पेंटरकडे कंप्रेसर आणि गन असते, फर्निचर पॉलिशवाल्याला सीलर आणि लॅकरचा हात असतो, झेरॉक्सच्या दुकानात लेझर प्रिंटर असतो, लग्नपत्रिका छापणाऱ्याला सोनेरी शाईचे स्क्रीन प्रिंटिंग येते. बाहेरून मागवावा लागतो तो फक्त डिकॅलचा कोरा कागद.

कामाला लागण्यापूर्वी एक विचार जरूर करावा. फेंडर घाटाच्या गिटारची दांडी बॉडीला सहसा चार स्क्रूंनी जोडलेली असते. रंग बॉडीचाच बदलायचा असेल तर स्क्रू काढून दांडी बाजूला ठेवावी. माथ्यावरच्या नावाला हात लावायची गरजच पडत नाही. गिब्सन घाटाच्या गिटारींत दांडी सरसाने चिकटवलेली असते, तिथे मात्र झाकपाक करूनच काम करावे लागते. मूळ डिकॅल जुना आणि अस्सल असेल तर तो झिजका असला तरी राहू द्यावा. तो घासून नवा लावला की गिटार देखणी होते आणि तिची संग्राह्य किंमत घटते.

नवा डिकॅल लावायचाच असेल तर हंगाम आधी ठरवावा. विदर्भातला पावसाळा लॅकरच्या कामाला वाईट. थिनर उडताना पृष्ठभागाची उष्णता घेऊन जातो, पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतली वाफ ओल्या लॅकरवर धरते. लॅकर दुधाळ पांढरे होते. पेंटर याला ब्लशिंग म्हणतात. हळू उडणारा रिटार्डर थिनर मिसळून ते थोडेफार टाळता येते, पण आषाढ-श्रावणात काम न काढणे हा जास्त खात्रीचा उपाय. मे महिन्यात उलटे होते. पारा चाळिशीच्या वर गेला की गनमधून निघालेले तुषार लाकडावर पोहोचेपर्यंतच निम्मे वाळतात आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीचे दिवस सर्वांत सोयीचे. त्यातही सकाळचे दव ओसरल्यावर गन धरावी.

जुना रंग काढून लाकूड घासून झाले की सीलर, त्यावर हवा असेल तो रंग आणि त्यावर क्लिअर लॅकरचे दोन-तीन हात द्यावेत. हे हात नुसते शोभेसाठी नसतात. डिकॅल उघड्या लाकडावर किंवा मॅट रंगावर लावू नये. खरबरीत पृष्ठभागाच्या खाचांत हवा अडकते. ती वाळल्यावर पारदर्शक पापुद्र्याखाली चंदेरी धुक्यासारखी दिसते आणि अक्षराभोवतीची सगळी चौकट उघडी पडते. लॅकर वाळल्यावर १००० किंवा १२०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून सपाट करावे, मग पॉलिश करून किंवा एक पातळ हात देऊन पुन्हा चकाकी आणावी. पृष्ठभाग काचेसारखा झाला की अर्धे काम झाले. हातांचे तेल बसू नये म्हणून त्यानंतर तिथे बोट लावू नये.

डिकॅल छापण्याच्या कागदाचे दोन प्रकार आहेत, इंकजेटचा आणि लेझरचा, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत. इंकजेटचा कागद लेझर प्रिंटरच्या तापलेल्या रुळाखाली वितळून प्रिंटरच बिघडवू शकतो. झेरॉक्सवाल्याला हे आधी सांगावे. लेझरची पावडर पाण्याला दाद देत नाही. इंकजेटची शाई मात्र पाण्यात फुटते. म्हणून छपाई पूर्ण वाळल्यावर तिच्यावर ॲक्रिलिक क्लिअरचे दोन-तीन हलके फवारे मारून ती बंद करावी लागते. याशिवाय साधे प्रिंटर पांढरा रंग छापत नाहीत आणि खरा सोनेरीही नाही. फिकट मेपलच्या माथ्यावर काळी अक्षरे हवी असतील तर पारदर्शक कागद सरळ चालतो. माथा काळा असेल तर पांढऱ्या पापुद्र्याचा कागद घेऊन अक्षराभोवती काळा रंग छापावा आणि कापल्यावर कडेला उरणारी पांढरी रेघ काळ्या मार्करने बुजवावी. सोनेरी अक्षरांसाठी पत्रिका छापणाऱ्याची स्क्रीन कामाला येते. मात्र त्याच्या शाईवर थिनर काय करतो ते आधी टाकाऊ लाकडावर पाहून घ्यावे. हा सल्ला खरे तर प्रत्येक शाईला, प्रत्येक कागदाला लागू आहे. एकाच पानावर सहा-सात नगांची छपाई केली तर चाचणीलाही होतात आणि फाटल्यास हाताशीही राहतात.

नाव काय छापायचे, हा प्रश्न वरवर दिसतो तितका निरुपद्रवी नाही. स्वस्त गिटारवर नामांकित कंपनीचे नाव चिकटवण्याची हौस जगभर आहे आणि अशा डिकॅलचा बाजारही आहे. भारतात ट्रेडमार्क कायदा, १९९९ च्या कलम १०३ नुसार खोटे व्यापारचिन्ह लावणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. अशी गिटार दोन-तीन हात बदलून गेली की शेवटचा घेणारा फसतो. त्यापेक्षा स्वतःचे नाव, बँडचे नाव किंवा गावाचे नाव देवनागरीत छापावे. तिथे मात्र अक्षराची थोडी काळजी घ्यावी लागते. रफार, अनुस्वार आणि रुकाराची शेपटी अगदी बारीक आली तर छपाईत तुटते, म्हणून थोडा जाड वळणाचा टाइप निवडावा. शिरोरेषेमुळे तर लावणाऱ्याची खरी परीक्षा होते. रोमन अक्षरे अर्धा मिलिमीटर तिरकी बसली तर चटकन कळत नाही. शिरोरेषा जराशी कलली तरी लांबून दिसते. हेडस्टॉकवर मास्किंग टेपची बारीक पट्टी सरळ लावून तिच्या आधाराने शिरोरेषा बसवावी.

आता प्रत्यक्ष लावणे. डिकॅल अक्षराच्या शक्य तितका जवळून धारदार ब्लेडने कापावा, कोपरे गोल करावेत. टोकदार कोपरा पुढे उचलला जातो. पाणी कोमट घ्यावे. बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते आणि वाळल्यावर पापुद्र्याखाली पांढरट डाग सोडते. त्यासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर उत्तम. कागद अर्धा ते एक मिनिट बुडवून बाहेर काढावा आणि ओल्या कपड्यावर मिनिटभर तसाच ठेवावा. पापुद्रा बोटाने हलकेच सरकू लागला की तो तयार. पाण्यातच सुटून तरंगेपर्यंत ठेवला तर डिंक धुऊन जातो आणि मग पकड राहत नाही.

माथ्यावर पाण्याचे दोन थेंब पसरवावेत, म्हणजे पापुद्रा जागेवर आणताना सरकतो. या पाण्यात थोडे व्हिनेगर घातले तर पापुद्रा मऊ पडून पृष्ठभागाला नीट बिलगतो. विमानांच्या मॉडेलवाल्यांच्या दुकानात डिकॅल बसवण्याचे जे द्रव मिळतात, त्यांतल्या सौम्य प्रकारात अॅसिटिक आम्लच असते. जास्त जोरदार द्रव पापुद्रा जवळजवळ विरघळवतात. वळणदार पृष्ठभागावर त्यांचा उपयोग आहे, सपाट हेडस्टॉकवर गरज नाही. कागद जागेवर धरून पापुद्रा त्यावरून सरकवावा, उचलून ठेवू नये. शिरोरेषा टेपला समांतर आली की ओल्या मऊ ब्रशने मधून बाहेरच्या बाजूला पाणी ढकलावे, मग टिश्यू पेपर वरून टेकवून टिपून घ्यावे. पुसू नये. अडकलेला बुडबुडा दिसला तर बारीक सुईने टोचून त्यावर व्हिनेगरचे पाणी लावावे. तो बहुधा बसतो. दुसऱ्या दिवशी तिरप्या उजेडात पाहिले की राहिलेली हवा दिसते. त्यानंतर ओल्या कपड्याने कडेला आलेला डिंक टिपून घ्यावा, कारण डिंकावर लॅकर धरत नाही.

इथून पुढे घाई करणाऱ्यांचे डिकॅल सुरकुततात. पापुद्रा स्वतः लॅकरचा असतो आणि एनसी थिनर त्याला सहज विरघळवतो. ओलाकंच हात मारला तर काही सेकंदांत अक्षरे चुरगळतात आणि परतीचा रस्ता उरत नाही. म्हणून पहिले तीन-चार फवारे लांबून, धुक्यासारखे, जवळजवळ कोरडेच पडले पाहिजेत. प्रत्येकामध्ये अर्धा-पाऊण तास जाऊ द्यावा. हे कोरडे थर पापुद्र्याला कवच देतात. मग हळूहळू ओले हात वाढवावेत. सहा ते दहा हात झाले की कडेच्या पायरीवर पुरेसे लॅकर साचते. आठवडाभराने ८०० आणि मग १००० नंबरचा वॉटर पेपर सपाट ठोकळ्यावर गुंडाळून घासावे. सुरुवातीला कडेभोवती चकचकीत खळगी दिसते. ती नाहीशी होईपर्यंतच घासायचे. बोटाखाली पेपर धरून घासणारा हमखास अक्षरापर्यंत पोहोचतो. खळगी राहिलीच तर आणखी तीन हात द्यावेत आणि पुन्हा घासावे. शेवटी २००० नंबर आणि मोटारींचे रबिंग कंपाउंड.

गॅरेजमधला पेंटर कदाचित टू-के पीयू, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचे पॉलियुरेथेन, वापरण्याचा सल्ला देईल. ते टणक आणि टिकाऊ असते, एका-दोन हातांत जाडी देते. डिकॅल आधी कोरड्या फवाऱ्यांनी झाकलेला असेल तर चालते. पण त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ते फुप्फुसांना घातक असतात आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्यांना अडवत नाही. योग्य मास्क आणि वाहती हवा नसेल तर घरच्या अंगणात हे काम करू नये. एनसी लॅकरची वाफही ज्वलनशील असते; शेगडी, देवघरातले निरांजन आणि बिडी-सिगारेट दूर हवी.

वाद्यावर नाजूक नक्षी बसवून तिच्यावर पातळ झिलई चढवण्याचे शास्त्र महाराष्ट्राला परके नाही. मिरजेच्या सतारमेकर घराण्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या जोपासले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथे हस्तिदंताची जागा पुढे पुष्कळ प्रमाणात सेल्युलॉइडने घेतली आणि झिलई लाखेची राहिली. ही जोडी रसायनाच्या दृष्टीने शहाणपणाची आहे. सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांच्यापासून बनते. त्यावर एनसी थिनरवाले लॅकर मारले तर नक्षीच मऊ पडेल. लाखेतले स्पिरिट त्याच्यापेक्षा पुष्कळ सौम्य. जुन्या गिटारच्या कडांना लावलेली सेल्युलॉइडची पट्टीही थिनरने अशीच बिघडते. म्हणून रंग उतरवताना तिथे थिनरचे फडके फिरवू नये, पत्र्याच्या खरवडणीने जपून काम करावे.

नायट्रो लॅकर तासाभरात हाताला वाळल्यासारखे वाटते, पण आतला थिनर उडून ते पक्के व्हायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर खुंट्या बसवू नयेत. त्यांचे वॉशर मऊ लॅकरमध्ये रुततात आणि डिकॅलजवळ तडा जातो. पुढची निगा साधी आहे. किंचित ओलसर सुती फडके पुरते. स्पिरिट, सॅनिटायझर आणि थिनर माथ्याजवळ नेऊ नये. नायट्रो फिनिशची गिटार रबरी पकडीच्या स्टँडवर ठेवू नये. रबरातले प्लॅस्टिसायझर लॅकरमध्ये उतरून ते चिकट करतात आणि हेडस्टॉकखाली कायमचा डाग पडतो. स्टँड तसाच असेल तर पकडीला सुती कापड गुंडाळावे.